ध्रुव कुणाचा?

फेब्रुवारी २००९ मध्ये बंगळुरूच्या येलहंका तळावर भरलेल्या 'एरो इंडिया' प्रदर्शनात एक छोटेखानी समारंभ झाला. हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडने, म्हणजेच 'एचएएल'ने, स्वतः घडवलेली 'ध्रुव' हेलिकॉप्टरे दक्षिण अमेरिकेतील इक्वाडोर या देशाच्या हवाई दलाच्या स्वाधीन केली. सात हेलिकॉप्टरांचा हा व्यवहार सुमारे साडेचार कोटी डॉलरचा होता. शस्त्रास्त्रांच्या जागतिक व्यापारात ही रक्कम किरकोळच; पण युरोप, रशिया आणि इस्रायल येथील मातब्बर कंपन्यांना निविदेत मागे सारून हा व्यवहार मिळवलेला होता. स्वातंत्र्यानंतर साठ वर्षे ज्या बाजारात आपला देश पिशवी घेऊन फिरला, त्याच बाजारात तो आता स्वतःचा गाळा मांडू पाहत होता. त्या दिवशी देशप्रेमी मनाला जो हर्ष झाला, तो अनाठायी नव्हता.

पुढे ऑक्टोबर २०१५ मध्ये इक्वाडोरने तो करार एकतर्फी रद्द केला. सातांपैकी चार हेलिकॉप्टरे तोवर कोसळली होती आणि उरलेली तीन जमिनीवर उभी करण्यात आली होती. इक्वाडोर या नावाचाच अर्थ विषुववृत्त. विषुववृत्तावरून पाहिले तर ध्रुवतारा क्षितिजालाच टेकलेला असतो. हेलिकॉप्टराचे नामकरण करणाऱ्यांच्या मनात हे आले नसणार, पण व्हायचे ते झाले.

अशा प्रसंगी आपल्याकडे दोन ठरावीक सूर उमटतात. पहिला सूर इंग्रजी वृत्तपत्रांच्या रकान्यांतून वावरणाऱ्या आत्मनिंदकांचा. 'ध्रुव स्वदेशी आहेच कुठे? आराखड्यात जर्मनांचा हात, इंजिन फ्रेंचांचे. आपण केवळ नट-बोल्ट आवळले', असे त्यांचे म्हणणे. दुसरा सूर राष्ट्राभिमान्यांचा. 'ध्रुव शंभर टक्के आपला. जे शंका घेतात ते परकीय कंपन्यांचे हस्तक', असे ते सांगतात. पहिल्या सुराची या पानांना सवय आहे आणि त्याचा समाचारही वेळोवेळी घेतला गेला आहे. परंतु दुसरा सूर आपल्या घरातला आहे, म्हणून त्याची तपासणी अधिक कठोरपणे व्हायला हवी.

प्रथम वस्तुस्थिती काय आहे, ते पाहू. 'ध्रुव'च्या आधी भारतात हेलिकॉप्टरे बनत होती, पण ती परवान्यावर. 'चेतक' ही फ्रान्सची 'अलुएत-३'. 'चीता'ची कथा याहून बोलकी आहे. हिमालयातील विरळ हवेत उडू शकेल असे हलके हेलिकॉप्टर भारतीय सैन्याला हवे होते. त्या गरजेवरून फ्रान्सच्या सूद-एव्हिएशन कंपनीने साठच्या दशकाच्या अखेरीस 'लामा' तयार केले. १९७२ मध्ये याच 'लामा'ने १२,४४२ मीटर उंची गाठून जागतिक विक्रम केला. गरज भारताची होती, पर्वत भारताचे होते, आराखडा मात्र फ्रान्सचा आणि कीर्तीही फ्रान्सची. आपल्या वाट्याला आला तो उत्पादनाचा परवाना. सियाचीनच्या हिमनदीवर दशकानुदशके जवानांना रसद पोहोचवणारा 'चीता' हा असा परवान्याचा अपत्य होता.

या परावलंबनातून बाहेर पडण्यासाठी १९८४ मध्ये प्रगत हलक्या हेलिकॉप्टराचा प्रकल्प सुरू झाला. त्यासाठी तत्कालीन पश्चिम जर्मनीतील मेसरश्मिट-बोल्को-ब्लोम, म्हणजे 'एमबीबी', या कंपनीशी आराखडा, विकास आणि उत्पादन या बाबतींत साहाय्याचा करार झाला. ही गोष्ट कधीही गुप्त नव्हती. एमबीबीत पुढे विलीन झालेल्या बोल्को कंपनीने १९६७ मध्ये 'बीओ-१०५' हे हेलिकॉप्टर उडवून एक मोठी क्रांती केली होती. तोपर्यंत हेलिकॉप्टराची पाती मध्यवर्ती खांबाला बिजागऱ्यांनी जोडलेली असत. जर्मनांनी बिजागऱ्या काढून टाकल्या आणि पात्यांच्या लवचिकतेवरच भिस्त ठेवली. त्यामुळे हेलिकॉप्टर वैमानिकाच्या हाताला विलक्षण चपळपणे प्रतिसाद देऊ लागले. 'ध्रुव'चा रोटरही बिजागरीविरहित आहे. २००३ मध्ये स्थापन झालेले हवाई दलाचे 'सारंग' पथक आकाशात ज्या कसरती करून दाखवते, त्यांचे रहस्य बऱ्याच अंशी या रचनेत आहे.

मग 'ध्रुव' ही 'बीओ-१०५'ची नक्कल ठरते काय? ज्याने दोन्ही यंत्रे शेजारी ठेवून पाहिली असतील तो असे म्हणणार नाही. 'बीओ-१०५' अडीच टनांच्या घरातले, तर 'ध्रुव' साडेपाच टनांच्या वर्गातले. जर्मन रोटरचा मध्यभाग टायटॅनियमचा. 'ध्रुव'मध्ये कार्बन-तंतूंच्या दोन चांदणीसारख्या तबकड्यांच्या मध्ये पाती धरलेली आहेत. तत्त्व जर्मनांकडून घेतले, त्यांचे सल्लागार घेतले, आणि त्या आधारावर एका निराळ्या वजनाचे, निराळ्या कामाचे, निराळ्या हवामानासाठीचे यंत्र बंगळुरूच्या अभियंत्यांनी उभे केले. २० ऑगस्ट १९९२ रोजी ते पहिल्यांदा उडाले. मार्च २००२ पासून ते सैन्यदलांकडे जाऊ लागले. सियाचीनला रसद नेणे असो वा २०१३ च्या उत्तराखंडातील जलप्रलयात अडकलेल्या यात्रेकरूंना उचलून आणणे असो, हे हेलिकॉप्टर राबले आहे.

परकीयांकडून विद्या घेणे यात लाजिरवाणे काही नाही. १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळुरूत विमानाचा कारखाना काढला. त्याच कारखान्यात पुढे डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी 'एचटी-२' हे भारतीय आराखड्याचे शिकाऊ विमान तयार केले आणि १९५१ मध्ये ते उडाले. हे घाटगे गॉटिंगेनला, वायुगतिशास्त्राचे महर्षी लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आले होते. म्हणून 'एचटी-२' जर्मन ठरले नाही. गुरू कुठला हे महत्त्वाचे नसते. शिष्य स्वतःच्या पायांवर उभा राहिला की नाही, हे महत्त्वाचे असते.

जगाची रीतही हीच आहे. जपानच्या कावासाकीने याच एमबीबीबरोबर 'बीके-११७' बनवले. दक्षिण कोरियाचे 'सुरिऑन' युरोकॉप्टरच्या साहाय्याने झाले. तुर्कस्तानचे 'टी-१२९' हे लढाऊ हेलिकॉप्टर इटलीच्या 'मंगुस्ता'चा पुढचा अवतार. आणि चीन? ज्या 'झेड-१०' हेलिकॉप्टराला बीजिंग आपल्या शास्त्रज्ञांची करामत म्हणून मिरवत होते, त्याचा मूळ आराखडा १९९५ मध्ये रशियाच्या कामोव्ह संस्थेने चीनसाठी काढून दिला होता, हे कामोव्हचे मुख्य रचनाकार सर्गेई मिखेयेव्ह यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितले. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१२ मध्ये, याच हेलिकॉप्टराच्या इंजिनासाठीचे सॉफ्टवेअर चीनला बेकायदा पुरवल्याबद्दल प्रॅट अँड व्हिटनीच्या कॅनडातील कंपनीला अमेरिकेत गुन्हा कबूल करावा लागला, आणि तिच्या मालक कंपनीला साडेसात कोटी डॉलरहून अधिक दंड मोजावा लागला. भारताने करार करून, पैसे मोजून, उघडपणे साहाय्य घेतले. या तुलनेत खाली मान घालण्याचे कारण भारताला नाही.

येथवर राष्ट्राभिमान्यांचे समाधान होईल. पण आराखड्याचा वाद जिंकून निर्यातीचा प्रश्न सुटत नाही. हेलिकॉप्टर विकायला काढले की खरा प्रश्न वेगळाच असतो. ते कुणाच्या आराखड्यावर बनले याला फारसे महत्त्व उरत नाही. ते विकण्यासाठी कुणाची परवानगी लागते आणि विकल्यावर ते नादुरुस्त झाले तर धावून कोण जाते, यालाच महत्त्व येते. या दोन कसोट्यांवर 'ध्रुव'ची कुंडली मांडली की चित्र बदलते.

परवानगीची गोष्ट इंजिनापाशी येते. 'ध्रुव'च्या नौदलाच्या प्रारूपासाठी अमेरिकन 'सीटीएस-८००' इंजिनाची निवड झाली होती आणि ते बसवलेले प्रारूप १९९५ च्या अखेरीस उडालेही होते. मे १९९८ मध्ये अटलबिहारी वाजपेयी सरकारने पोखरण येथे अणुचाचण्या केल्या. अमेरिकेने निर्बंध लादले आणि ते इंजिन हातचे गेले. 'एचएएल'ला फ्रान्सच्या टर्बोमेकाकडे वळावे लागले. आधी त्यांचे 'टीएम-३३३' इंजिन घेतले आणि पुढे त्यांच्याच भागीदारीत 'शक्ती' हे अधिक ताकदीचे इंजिन विकसित केले; ते बसवलेले 'ध्रुव' ऑगस्ट २००७ मध्ये उडाले. राष्ट्राने स्वाभिमानाचा एक निर्णय घेतला, आणि त्याची किंमत एका अपूर्ण हेलिकॉप्टराने मोजली. पोखरणचा निर्णय शतशः योग्य होता. पण ज्या देशाला असे निर्णय घ्यायचे असतात त्याने इंजिन दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवू नये, हा त्यातला धडा होता.

या 'सीटीएस-८००' इंजिनाची पुढची हकीकत वाचकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे. तेच इंजिन तुर्कस्तानने 'टी-१२९' मध्ये बसवले. २०१८ मध्ये पाकिस्तानने तुर्कस्तानकडे अशी तीस हेलिकॉप्टरे मागितली. व्यवहार सुमारे दीड अब्ज डॉलरचा. हेलिकॉप्टर तुर्की, घेणारा पाकिस्तानी, दोघांत बंधुभावाच्या आणाभाका. परंतु इंजिनाच्या निर्यातीचा परवाना वॉशिंग्टनने दिलाच नाही आणि व्यवहार मातीला मिळाला. शेवटी पाकिस्तानने चीनकडून 'झेड-१०'ची निर्यात आवृत्ती घेतली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती आपल्या सैन्यात दाखल केली. पाकिस्तानची तारांबळ पाहून आपल्याला आनंद होणे स्वाभाविक आहे. पण तो आनंद ओसरल्यावर तुर्कस्तानच्या जागी भारत ठेवून पाहावा.

तसे ठेवून पाहण्याची वेळ २००७ मध्ये येऊन गेली आहे. भारत म्यानमारला 'ध्रुव' देणार असल्याच्या वार्ता तेव्हा होत्या. त्या वर्षीच्या जुलैत अॅम्नेस्टी इंटरनॅशनल आणि सेफरवर्ल्ड या संस्थांनी एक अहवालच काढला. म्यानमारवर युरोपीय महासंघाची शस्त्रबंदी आहे, 'ध्रुव'मध्ये युरोपातील अनेक देशांचे भाग आहेत, फ्रान्सचे इंजिन आहे, सबब हा व्यवहार शस्त्रबंदीची थट्टा ठरेल आणि युरोपीय सरकारांनी भारताला सुटे भाग देणेच थांबवावे, असा त्याचा रोख होता. म्यानमारला 'ध्रुव' गेले नाही.

म्यानमारमधील लष्करी राजवटीचे गोडवे गाण्याचे कुणालाच कारण नाही. त्या राजवटीने स्वतःच्या प्रजेवर काय केले हे जगजाहीर आहे, आणि तिला हेलिकॉप्टर देऊ नये असे म्हणणारे कित्येकजण भारतातही प्रामाणिकपणे तसे म्हणत होते. दुसरीकडे ईशान्येतील फुटीरांचे तळ त्याच सीमेपलीकडे होते आणि त्यांच्याविरुद्ध म्यानमारच्या सैन्याचे सहकार्य भारताला हवे होते. चीन तर तिथे आधीपासूनच ठाण मांडून बसला होता. देण्याच्या बाजूनेही युक्तिवाद होते, न देण्याच्या बाजूनेही होते. मुद्दा इतकाच की या दोहोंचा तोल दिल्लीने साधायचा होता. लंडनमधून निघालेल्या एका अहवालाला भारताच्या सीमानीतीत बोट घालता आले, कारण ते बोट शिरेल एवढी फट इंजिनापाशी आपणच ठेवली होती.

अशा फटी किती होत्या, याचा हिशेब कुणा परक्याने नव्हे, आपल्याच नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी दिला आहे. २०१० मध्ये संसदेपुढे आलेल्या त्यांच्या अहवालानुसार २००८ पर्यंत 'ध्रुव'मधील स्वदेशी वाटा पन्नास टक्क्यांवर नेण्याचे योजले होते. प्रत्यक्षात प्रत्येक हेलिकॉप्टरात लागणाऱ्या सामग्रीपैकी किमतीच्या हिशेबाने सुमारे नव्वद टक्के सामग्री अजूनही आयात होत होती. हा आकडा आपल्या सभांमधून क्वचितच ऐकू येतो. आराखडा आपला, घडणावळ आपली, नाव तर पुराणातले. आणि सामग्रीच्या प्रत्येक शंभर रुपयांतले नव्वद परदेशी! त्या अहवालाला उत्तरे दिली गेली, नंतरच्या काळात परिस्थिती सुधारलीही. पण ज्यांनी त्या वर्षांत 'शंभर टक्के स्वदेशी' अशा घोषणा दिल्या, त्यांनी देशाचे भले केले नाही. खोट्या समाधानामुळे चौकशीच थांबते आणि चौकशी थांबली की उद्दिष्टाची तारीख निमूट पुढे सरकते.

आता दुसरी कसोटी, विक्रीनंतरच्या जबाबदारीची. इथे पुन्हा इक्वाडोरला जावे लागेल.

करारानंतरचा पहिला अपघात २७ ऑक्टोबर २००९ रोजी राजधानी क्विटोच्या विमानतळावर झाला. हवाई दलाच्या वर्धापनदिनाचे संचलन चालू होते आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत हेलिकॉप्टर खाली आले. त्यानंतर २०१४ मध्ये एक कोसळले आणि त्यात तिघे मृत्युमुखी पडले. जानेवारी २०१५ मध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने आणखी दोन गेली. चारांपैकी दोन अपघातांत वैमानिकांची चूक होती, हे 'एचएएल'ने सांगितले आणि ते खोटे नव्हते. उरलेल्या दोहोंबद्दल इक्वाडोरने यांत्रिक बिघाडाकडे बोट दाखवले. त्यांचे संरक्षणमंत्री फर्नांदो कोर्देरो यांनी करार मोडताना जी तक्रार केली ती मात्र अपघातांच्या पलीकडची होती. सुटे भाग वेळेवर मिळाले नाहीत, कराराप्रमाणे पुरवठा झाला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. 'एचएएल'ची बाजू अशी की हमीची मुदत संपली होती आणि त्यानंतरची देखभाल इक्वाडोरने नीट केली नाही.

कागदावर कुणाची बाजू बळकट होती, हा वकिलांचा विषय. व्यापाराचा न्याय निराळा असतो. गावातल्या साध्या पंपाच्या दुकानदारालाही ठाऊक असते की, पंप कुणाच्याही चुकीने जळला तरी गिऱ्हाईक आधी दुकानाकडे येते आणि दुकान बंद दिसले तर गावभर बोभाटा होतो. बंगळुरूहून क्विटो म्हणजे अक्षरशः पृथ्वीची दुसरी बाजू. तिथे सात यंत्रे विकताना त्या खंडात सुट्या भागांचे पुरेसे कोठार, चोवीस तासांत पोहोचणारे तंत्रज्ञ आणि नव्या वैमानिकांचे दीर्घ प्रशिक्षण हे सारे यंत्राच्या किमतीतच धरायला हवे होते. निविदेत सर्वांत स्वस्त ठरण्याच्या उमेदीत या गोष्टी मागे पडल्या असाव्यात, असा निष्कर्ष काढणे भाग पडते. आणि सुट्या भागांचा विषय निघाला की आधीच्या नव्वद टक्क्यांची आठवण होते. जो भाग आपणच परदेशातून मागवतो, तो गिऱ्हाइकाला तत्काळ कुठून देणार? आयातीचा आकडा आणि इक्वाडोरची तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

देशातही या यंत्राचा प्रवास निष्कंटक नाही, आणि हे लिहिताना हात जड होतो. २००५ च्या अखेरीस शेपटीकडच्या रोटरमधील दोषामुळे सारी 'ध्रुव' थांबवावी लागली होती. मार्च २०२३ मध्ये नौदलाचे 'ध्रुव' मुंबईजवळ समुद्रात उतरवावे लागले. त्यानंतर नियंत्रण-दांड्यांचा प्रश्न पुढे आला आणि त्या बदलण्याचे काम हाती घेतले गेले. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदर येथे तटरक्षक दलाचे 'ध्रुव' धावपट्टीवर कोसळले आणि तिघे कर्तव्यावर असताना गेले. त्याच पोरबंदरच्या समुद्रात चारच महिन्यांपूर्वी, सप्टेंबर २०२४ मध्ये, एका जखमी खलाशाला आणायला निघालेले दुसरे 'ध्रुव' बुडाले होते. जानेवारीच्या अपघातात 'स्वॉश प्लेट' भंगल्याचे निष्पन्न झाले. वैमानिकाच्या हातातील दांडीची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत पोहोचवणारी ही तबकडी. ती तुटली की वैमानिक कितीही निष्णात असो, हेलिकॉप्टर त्याचे ऐकत नाही. तिन्ही सैन्यदले आणि तटरक्षक दलाची मिळून सुमारे ३३० 'ध्रुव' एका दिवसात थांबली. पहलगामच्या हत्याकांडानंतर युद्धाचे ढग दाटले तेव्हा, मे २०२५ च्या तोंडावर, सैन्य आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांना उड्डाणाची मुभा देण्यात आली. सागरी दलांना मात्र त्यानंतरही थांबावे लागले.

पोरबंदरच्या त्या तिघांच्या घरी जाऊन 'ध्रुव शंभर टक्के आपला आहे' असे सांगण्याची हिंमत कुणी करील काय? त्यांना हवे आहे ते वेगळेच. ती तबकडी का तुटली, खाऱ्या हवेतील वापराचा विचार आराखड्यात पुरेसा झाला होता का, आधीच्या अपघातांतून जे शिकायचे ते शिकले गेले का, हे कळण्याचा त्यांचा हक्क आहे. असे प्रश्न विचारणाऱ्याला लगेच देशविरोधी ठरवण्याची जी खोड अलीकडे आपल्यातल्या काहींना लागली आहे, ती सर्वांत आधी आपल्याच जवानांच्या मुळावर येणारी आहे. यंत्र आपले आहे म्हणूनच त्याच्या दोषाची चौकशी आपण उघडपणे करू शकतो. परक्याचे असते तर त्याच्या कंपनीच्या पत्राची वाट पाहत बसावे लागले असते. स्वदेशीचा हा लाभ वापरायचाच नाही, तर स्वदेशीचा आग्रह तरी कशासाठी धरायचा?

निर्यातीच्या आघाडीवर इक्वाडोर हेच सर्वस्व नाही. नेपाळच्या सैन्याकडे 'ध्रुव' आहेत. मॉरिशसच्या पोलीस दलाला २०२३ मध्ये सुधारित 'ध्रुव' मिळाले. त्या चिमुकल्या बेटावर, जिथे मराठी बोलणाऱ्या पूर्वजांची आठवण अजून जपली जाते, ते समुद्रातून माणसे वाचवण्याच्या कामी येते. मालदीवला भारताने दोन 'ध्रुव' दिली. तिथल्या राजकारणाचे वारे फिरले तसे त्यांच्याभोवती वाद झाले. २०१८ मध्ये यामीन सरकारने ती परत नेण्यास सांगितले. सरकार बदलले आणि ती राहिली. २०२३ मध्ये मुइझ्झू 'भारत हटाव'च्या लाटेवर निवडून आले आणि मे २०२४ पर्यंत भारतीय सैनिकांना मायदेशी यावे लागले. त्यांच्या जागी 'एचएएल'चे मुलकी तंत्रज्ञ गेले. हेलिकॉप्टरे मात्र तिथेच राहिली, आणि सैनिक गेल्यानंतर काही दिवसांतच, भारताने दिलेली हेलिकॉप्टरे व डॉर्नियर विमान चालवू शकतील असे वैमानिक आपल्या सैन्यात नाहीत, असे मालदीवच्या संरक्षणमंत्र्यांनीच कबूल केले. शेजाऱ्याच्या घरच्या रुग्णाला रात्री-अपरात्री रुग्णालयात पोहोचवणारे यंत्र सहजासहजी हटवता येत नाही. इक्वाडोरला जे जमले नाही ते इथे जमले, कारण इथे यंत्राबरोबर माणसेही गेली होती.

आता पाळी 'प्रचंड'ची आहे. कारगिलच्या युद्धात उंच शिखरांवर मारा करू शकेल असे हेलिकॉप्टर हाताशी नव्हते. त्या उणिवेतून 'ध्रुव'च्याच पोटी हे लढाऊ हेलिकॉप्टर जन्माला आले. २०१० मध्ये ते उडाले, ऑक्टोबर २०२२ मध्ये जोधपूर येथे हवाई दलात दाखल झाले. मार्च २०२५ मध्ये सरकारने १५६ 'प्रचंड' हेलिकॉप्टरांसाठी ६२,७०० कोटी रुपयांचा करार केला. त्यातली नव्वद सैन्याला आणि सहासष्ट हवाई दलाला. एवढी मोठी घरची मागणी 'एचएएल'च्या हेलिकॉप्टर विभागाला यापूर्वी क्वचितच मिळाली असेल. देशाची संरक्षण निर्यात २०१३-१४ मध्ये ६८६ कोटी होती, ती २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटींवर गेली, आणि २०२९ पर्यंत ५०,००० कोटींचे लक्ष्य आहे. या यादीत हेलिकॉप्टर सन्मानाने बसावे, ही इच्छा प्रत्येकाचीच असणार.

या करारात पासष्ट टक्क्यांहून अधिक स्वदेशी वाट्याचे उद्दिष्ट सांगितले गेले आहे. 'ध्रुव'च्या वेळी पन्नास टक्के सांगितले होते, हे विसरू नये. उरलेल्या पस्तीस टक्क्यांत काय आहे, हे विचारले पाहिजे, कारण इंजिन 'शक्ती'च आहे आणि त्याची दुसरी किल्ली फ्रान्समध्ये आहे. फ्रान्स आज मित्र आहे आणि १९९८ मध्ये त्याने अमेरिकेसारखी पाठ फिरवली नाही, ही कृतज्ञतेने नोंदवण्याची गोष्ट. परंतु दुसऱ्याच्या मैत्रीवर आपला परवाना कायमचा टांगून ठेवता येत नाही. तेरा टनांच्या वर्गातील नव्या बहुउपयोगी हेलिकॉप्टरासाठी 'अरावली' इंजिन विकसित करण्याचा करार २०२४ मध्ये 'एचएएल' आणि फ्रेंच सॅफ्रान यांच्या संयुक्त कंपनीशी झाला आहे. नाव भारतीय पर्वताचे आहे. त्याच्या तप्त गाभ्यातील पात्यांची धातुविद्या बंगळुरूच्या अभियंत्याला हाताळू दिली जाणार की नाही, आणि ते इंजिन बसवलेले हेलिकॉप्टर तिसऱ्या देशाला विकताना पॅरिसला विचारावे लागणार की नाही, ही दोन कलमे त्या करारात कशी लिहिली आहेत, हे संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने आताच मागवून घ्यावे. 'एचएएल'ने स्वतःचे 'एचटीएसई-१२००' इंजिन २०१८ मध्ये पहिल्यांदा चालवून पाहिले होते. त्याला आजवर किती पैसा आणि किती माणसे मिळाली, हेही त्याच बैठकीत विचारता येईल.